सोमवारचा भटजी

हिराच्या दहाव्याला भटजींनी जीवखडा माझ्या हातात दिला. तिच्या नावानं इतके दिवस पुजलेला तो दगड. आम्हाला मुलगा नाही, दोन मुली, म्हणून सगळं मीच करत होतो. भटजी म्हणाले, नदीकडे पाठ करा आणि खांद्यावरून मागे टाका. मला टाकवेना. धोतर खोचलं, गुडघाभर पाण्यात शिरलो, तळाला सपाट जागा चाचपली आणि दगड ठेवला. हलत नाही ना ते बघितलं.

"आजोबा, टाकायचा असतो. ठेवायचा नसतो," भटजी म्हणाले.

"बायको माझी आहे," मी म्हटलं. "कशी ठेवायची ते मी बघीन."

जावई कानकोंडा झाला. होऊ दे. नदीत दगड कसा ठेवायचा ते मला आणि हिराला एका माणसानं शिकवलेलं. त्या दिवशी घाटावर ते आठवणारा मी एकटाच उरलेलो. म्हणून लिहायला बसलोय. शिक्षण चौथीपर्यंत, चुकलं तर सुधारून वाचा.

त्यांचं नाव आठल्ये. राहायला डोंबिवलीला. स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झालेली तेव्हा. मी कल्याणच्या वरच्या अंगाला नदीकाठी पंपावर खलाशी, म्हणजे पंप चालवणारा मजूर, होतो. पंप नदीचं पाणी ओढायचा, ते नळानं गावाला जायचं. पंपाच्या मागेच आम्हाला खोली दिलेली. हिरा कोपरची, नवी नवरी. नवी असली तरी तोंडाला कुलूप नव्हतं.

एका सकाळी एक माणूस सायकल ढकलत काठावर आला. खाकी चड्डी, पांढरा सदरा, डोक्याला काळी टोपी, सायकलला टिनाची पेटी आणि बादली. वहाणा काढून जोडीनं ठेवल्या आणि सरळ पाण्यात शिरला. एक दगड उचलला, खाली बघितलं, परत ठेवला. मग दुसरा. मग तिसरा.

हिरा कळशी घेऊन उभी होती. "वो, काय हरवलाय काय तुमचा?"

"नाही. मासे बघतोय."

"आन् जाला कुठंय?"

"पकडायचे नाहीत. नुसते बघायचेत."

सरकारच्या मासे खात्यानं त्यांना पाठवलेलं. वर डोंगरात, घाटमाथ्यावर धरण आहे. त्याचं पाणी मोठ्या नळांतून घाटाखालच्या वीजघरात आणायचे, त्यावर मशिनं फिरवायचे आणि वापरून झालं की नदीत सोडायचे. उन्हाळ्यात आमची नदी म्हणजे तेच पाणी. ते कधी सोडतात, कधी बंद करतात, आणि त्यानं इथल्या मूळच्या माशांचं काय होतं, हे बघायचं त्यांचं काम. कच्ची नोकरी. वर्षावर्षानं वाढवून मिळायची.

हिरानं नाव विचारलं. मग म्हणाली, "भट?"

"हो."

"मंग मासं खाता का?"

"नाही."

"कवाच नाय?"

"कधीच नाही."

हिरानं कळशी खाली ठेवली आणि हसायला बसली. संध्याकाळपर्यंत सगळ्या पाड्याला ठाऊक झालं, मासे न खाणारा भट मासे बघायला आलाय. तेव्हापासून ते भटजी. आयुष्यात एक पूजा सांगितली नसेल त्यांनी, पण आमच्या तोंडी भटजीच.

मला मात्र ते गणपतराव म्हणायचे, आणि अहो-जाहो करायचे. पंपाचा मुकादम मला "ए खलाशी" म्हणायचा. गणपतराव म्हटलं की पहिले काही दिवस मी मागे वळून बघायचो, कोण आलंय म्हणून.

त्यांची एकच खोड, आणि ती सगळ्यात यायची. उचललेली वस्तू होती तशी ठेवायची. दगड ठेवताना शेवाळाची बाजू वर, ओली बाजू खाली, तोंड जिकडे होतं तिकडेच. मी एकदा विचारलं, नदीत एवढे दगड, कोण बघतंय. म्हणाले, "अहो गणपतराव, कुणाच्या घराचं छप्पर उचलून आत डोकावलो, तर परत नको का घालायला?"

आमच्याकडे पाणी प्यायले तर तांब्या जमिनीवरच्या त्याच ओल्या वर्तुळावर ठेवायचे. फाटक अर्धं उघडं असलं तर आत येऊन पुन्हा अर्धं उघडं करायचे. हिरा मुद्दाम केरसुणी वाटेत आडवी टाकून ठेवायची. ते उचलून आत यायचे आणि जाताना तशीच आडवी टाकून जायचे. हिरा पदर तोंडाला लावून मला खुणवायची.

दगडांखाली खरबी नावाचा मासा असतो. मातकट, बोटाएवढा, आम्ही त्याला कधी किंमत दिली नाही. होळीच्या सुमाराला तो काठच्या उथळ पाण्यात दगडाच्या पोटाला अंडी चिकटवतो. आठल्यांनी हिराला दगड उचलून दाखवला. साबुदाण्याहून बारीक दाणे, ओळीनं लावलेले, आणि खाली एक खरबी आमच्याकडे डोळे वटारून बसलेली.

"ही आई?" हिरा म्हणाली.

"बाप. आई अंडी घालून निघून जाते. पिल्लं बाहेर पडेपर्यंत हा हलत नाही. पंखानं वारा घालत बसतो."

"बरा हाय वो," हिरा माझ्याकडे बघून म्हणाली. "आमच्यात पन पाठवा यक तसला."

आठल्ये खो खो हसले. तसे हसताना मी त्यांना फार वेळा पाहिलं नाही.

एकदा त्यांना ताप आलेला, म्हणून त्यांची पेटी पोचवायला मी डोंबिवलीला गेलो. दोन खोल्या, पुढे गॅलरी. दारात म्हातारी आई, कडक सोवळ्याची.

"कोण? नदीवरचे का? तिथेच थांबा हो. ती पेटी आत आणू नका."

गॅलरीत जिन्याखाली बरण्यांची रांग, औषधी पाण्यात मासे. म्हातारीनं एकीकडे बोट दाखवलं. "ती माझी मोरावळ्याची. त्यात वाम घालून ठेवलीय. बरणी गेली, मोरावळा गेला, आणि शेजारच्या काकूंनी परवा मोरावळा समजून झाकण उघडलं. तेव्हापासून त्या आमच्याकडे येत नाहीत." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुम्ही नदीवरच असता ना? सोमवारी त्याला लवकर घरी पाठवत जा. विहिरीवर आंघोळ करून येतो आणि पानावर नुसता बसतो. सोमवारी जेवत नाही हो तो. उपास म्हणावा तर उपासही नाही."

मी म्हटलं विचारतो.

बरे होऊन आले तेव्हा विचारलं. ते म्हणाले, "येत्या सोमवारी उजाडताच या माझ्याबरोबर."

आता हे नीट सांगायला हवं. आमच्या पाड्यात सोमवार पाळतात. शंकराचा वार, मासा चुलीवर चढत नाही. चढत नाही म्हणून कुणी पकडत नाही, पकडत नाही म्हणून पंपाच्या वरच्या उथळ काठांकडे कुणी जात नाही. जाळी वळणीवर टांगलेली. सोमवारी पंप खोकतो, पाण्याबरोबर हवा ओढतो, हे मला ठाऊक होतं. मला वाटायचं, रविवारी सगळं गाव कपडे धुतं, म्हणून पाणी कमी पडतं. मुकादमालाही तेच वाटायचं.

त्या सोमवारी गेलो. पाणी मधल्या धारेला चिकटलेलं. दोन्ही काठ उघडे, दगड वाळत आलेले. खळग्यांत खवली मासे पांढरी पोटं वर करून. एक वाम चिखलात, तोंडानं हवा चावत. आठल्यांनी एक दगड उलटला. पोटाला अंडी सुकून चिकटलेली, तांदळाच्या पेजेचे थेंब सुकतात तशी. आणि खाली खरबीचा बाप. गेलेला. जागा सोडली नव्हती.

आठल्यांनी दगड होता तसा ठेवला.

"दर सोमवारी?" मी विचारलं.

"हिवाळ्यापासून पाऊस पडेपर्यंत, जवळजवळ दर सोमवारी. रविवारी मुंबईत गिरण्या बंद. वीज लागत नाही, म्हणून वीजघराची मशिनं बंद, म्हणून पाणी बंद. तिकडचा रविवार इथे पोचायला सोमवार उजाडतो. मंगळवारी नदी पुन्हा भरलेली. घारी, कावळे, मुंगसं येऊन साफ करून जातात. तुम्ही मंगळवारी जाळी टाकता आणि म्हणता, हल्ली मासा मिळत नाही."

सोमवार न पाळणारा एकच माणूस नदीवर आलेला, आणि तो मासे न खाणारा.

हे सगळं त्यांनी खात्याला लिहायला घेतलं. तिथून भानगड सुरू झाली. त्यांचे वरचे साहेब जीपमधून आले. आमच्या पंपाच्या सावलीत खुर्ची टाकून बसले. मी चहा घेऊन उभा होतो, म्हणून ऐकलं.

"आठल्ये, गावकरी सुरुंग लावतात. ओढ्यात विष कालवतात. ते लिहा ना."

"लिहिलंय, सर."

खरं होतं. आमच्यातलेच काही लावायचे. आठल्ये त्यांना तोंडावर शिव्या द्यायचे आणि लिहायचेही.

"मग तेवढं पुरे. वीजघर कशाला मध्ये आणता? देशाला वीज हवी की खरबी?"

"वीज हवीच, सर. मी मशिनं चालवा म्हणत नाही. सुट्टीच्या दिवशी थोडी धार चालू ठेवा, एवढंच. काठ ओले राहतील इतकी."

साहेबानं कप माझ्याकडे दिला. "पुढच्या वर्षाची तुमची मुदतवाढ माझ्या सहीनं होते, हे ध्यानात ठेवा."

जीप गेली. हिरा आतून म्हणाली, "ह्याला शिळा चहा द्याया पायजे होता."

त्या वर्षी होळीच्या तोंडावर वाईट बातमी आली. गिरण्यांना होळीची सुट्टी, त्यातच वीजघरानं मशिनं दुरुस्तीला काढली. सोमवारचा एक दिवस अंडी कुठे कुठे तरी तगायची, ओल धरून. आता पाणी होळीच्या आदल्या दिवसापासून पुढे बरेच दिवस बंद राहणार होतं. आणि नेमकी तेव्हाच अंडी पिकलेली. आठल्यांनी मला दगडाखाली दाखवलं, दाण्यात काळे ठिपके. "डोळे आलेत, गणपतराव. आणखी थोडे दिवस ओल मिळाली की निघतील." त्या वर्षी काठालगत अंडी पहिल्यापेक्षा फार कमी होती. ही गेली तर पुढच्या वर्षी बघायलाच काही उरायचं नाही, असं त्यांचं म्हणणं.

होळीच्या दिवशी सकाळी ते वीजघराकडे गेले. स्टेशनपर्यंत सायकलनं, मग कर्जतकडच्या गाडीनं, पुढे चालत.

इकडे नदी उतरायला लागली. काठाला त्यांनी एक बांबू रोवलेला, चुन्याचे पट्टे ओढलेले. एकेक पट्टा उघडा पडत होता. पंपही त्याच नदीतून ओढत होता आणि गावाला पाणी बंद करायचा मला हुकूम नव्हता. आठल्ये मला एकदाही म्हणाले नव्हते, पंप बंद करा. म्हणाले असते तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही.

संध्याकाळी होळी पेटली. पाड्यावर ढोल. हिरा नाचायला गेली नाही, काठावर उभी राहिली. तिला खरबीचं काय पडलेलं होतं कोण जाणे.

धुळवडीला सकाळी ते परत आले. कुणीतरी वाटेत रंग टाकलेला, अर्ध्या तोंडाला गुलाल, बाकीचं पांढरं फटक. सायकल भिंतीला लावली. म्हणाले, "पाणी सोडलं."

मी म्हटलं, "चला, सुटलो."

हिरा त्यांच्याकडे बघत होती. ती म्हणाली, "त्यांनी सोडला का तुमी?"

आठल्ये खाली बसले. "मी आधी. मग ते सोडणार आहेत म्हणाले."

तुकड्या-तुकड्यानं सांगितलं. वीजघराचे साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी चहा दिला. म्हणाले, थोडी धार सोडायला माझं काही जात नाही. पण तुम्ही कागदावर लिहिलंय की मासे माझ्यामुळे मरतात. आज पाणी सोडलं तर ते मी कबूल केल्यासारखं होईल. उद्या प्रत्येक गाव पाणी मागेल. ते तेवढं काढा. मग मी माझ्या जबाबदारीवर सोडतो. आजही सोडतो, आणि मी इथे आहे तोवर दर होळीला.

"मंग काढलात?" हिरा म्हणाली.

"तिथेच बसून काढलं. अहवालातले सोमवार सगळे काढले. तशी चिठ्ठी खात्याला लिहून त्यांच्याच माणसाकडे दिली."

"आन् नोकरी?"

"सोमवार काढले तर मी काय बघत होतो इतकी वर्षं? काम संपलं असं लिहिलं शेवटी." त्यांनी हातावरचा गुलाल चोळला. "नोकरीवर पाणी सोडलं. आता त्यांनी सोडलं म्हणजे झालं."

पण ते तोंडी बोलणं. साहेबाला कागद मिळालेला, आमच्या हातात काय? बांबूचे पट्टे उघडेच पडत होते. पाणी निघालेलं असलं तरी पोचायला अख्खा दिवस. दगड वरून सुकून पांढरे पडलेले. आठल्ये एकेक उचलून बघायचे, ठेवायचे.

हिरा खोलीत गेली आणि पंपाच्या कोळशाची रिकामी गोणपाटं घेऊन आली. मला म्हणाली, बघता काय, भिजवा. गोणपाटं भिजवून आम्ही दगडांवर पसरली. पुरली नाहीत. तिनं पाड्यावर हाक दिली. बायका धुळवड खेळत होत्या, तशाच रंगलेल्या आल्या, कळश्या, हंडे, जुनी लुगडी घेऊन.

एक म्हातारी म्हणाली, "धुलवडीला मानसावर पानी टाकतान. हिरे, तू धोंड्यावर टाकतंस?"

"मानसं सुकत नाय गो," हिरा म्हणाली. "टाक."

मधल्या धारेतून पाणी भरायचं आणि काठच्या दगडांवर ओतायचं. ऊन चढलं. ओतलेलं पाणी बघता बघता वाळत होतं. पंप खोकायला लागला. मुकादम ओरडत आला, मी मान खाली घालून बसलो. आठल्ये गोणपाटाचं एक टोक उचलून आत बघायचे आणि म्हणायचे, "आहे. बसलाय." पुढच्या दगडाशी जायचे. "बसलाय." एका दगडाशी काहीच म्हणाले नाहीत. गोणपाट होतं तसं ठेवलं आणि पुढे गेले.

दुपार कलली तरी नदी तशीच. कुणीतरी म्हणालं, फसवलं भटजीला. आठल्यांनी ऐकलं. त्यांची कळशी हातातच राहिली. मला वाटलं आता हा माणूस इथेच खाली बसेल.

हिराच आधी बोलली. ती धारेत उभी होती, घोट्याएवढ्या पाण्यात. खाली बघत म्हणाली, "थांबा. पैंजन भिजला."

कुणाला कळलं नाही.

"मगाशी पैंजन वर व्हता. आता पान्यात हाय. पानी आयलं."

बांबूचा सगळ्यात खालचा पट्टा ओला होत होता. फार नाही, बोट-दोन बोटं. पण काठापर्यंत आलं. वरच्या गावांतल्या होळीची राख आणि अर्धवट जळलेली पानं त्यावर तरंगत आली, आणि दगडांच्या मधून शिरली. पंपाचा खोकला थांबला. बायकांनी कळश्या खाली ठेवल्या. आठल्ये तोंड धुवायला वाकले ते बराच वेळ वर झालेच नाहीत.

मग त्यांनी गोणपाटं काढली. एकेक, हळू. एकही दगड हलू दिला नाही. पुढच्या दिवसांत पिल्लं निघाली, पाण्यात सुईच्या टोकाएवढी. त्यांनी हिराला बोलवून दाखवली. महिना संपला तशी सायकल, पेटी, बादली घेऊन गेले. बांबू मात्र होता तिथे ठेवून गेले. तो मीच आमच्या बांबूच्या बेटातून दिलेला. "आणला तिथे ठेवायचा तर तुमच्या बेटात न्यावा लागेल," म्हणाले. "इथेच असू द्या."

त्यांनी केलं ते बरोबर की चूक, मला आजही सांगता येत नाही. सोमवार कागदावरून गेले ते गेलेच. सोमवारी मासे मरतच राहिले. दोन होळ्या पाणी आलं, मग वीजघराचे साहेब बदलून गेले, आणि नव्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. मी हिराला म्हणायचो, कागद सोडायला नको होता. हिरा म्हणायची, "तुमी तवा कलशी घेऊन हुबे व्हता का? मंग गप."

शेवटचे दिसले ते ठाण्याला, मधे काही वर्षं गेल्यावर. थोरलीच्या डोळ्यांचं औषध आणायला आम्ही गेलेलो. सोमवार होता, तळ्याकाठच्या शंकराच्या देवळात गर्दी, बाहेर चपलांचा हा ढीग. एक माणूस पाठमोरा वाकून आपल्या वहाणा शोधत होता. वरची एक चप्पल उचलली, खालची बघितली, वरची परत ठेवली. उलटी पडलेली होती, ती उलटीच ठेवली.

"भटजी," हिरा म्हणाली.

ते वळले. केस पिकलेले, हाताला खडूचा पांढरा रंग. शाळेत शिकवत होते. आई गेली म्हणाले. मला म्हणाले, "गणपतराव, सोमवारी पंप खोकतो का हो अजून?"

मी म्हटलं, "खोकतो."

त्यांनी मान हलवली. "आणि होळीला?"

ज्याच्यासाठी सगळं सोडलं ते पाणीही आता येत नाही, हे कुठल्या तोंडानं सांगायचं. पण हिरानं सांगितलं, सरळ. "पानी नाय येत. साहेब बदलला. आमी बायका गोनपाटं टाकतो होळीला. दर साली. आता पोरी पन येतान. धुलवड तिथंच खेळतो आमी."

मागून माणसं ढकलत होती. आठल्यांनी विचारलं, "आणि गोणपाटं काढताना, हिराबाई, दगड?"

"व्हता तसा," हिरा म्हणाली.

त्यांनी तिला हात जोडले. खाली वाकून, चपलांच्या ढिगाशी, एवढ्या लोकांत. मग वहाणा न घालताच, हातात धरून, तळ्याच्या कडेकडेनं निघून गेले.